वाट चुकलेला उंट

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी होती. जोहरची नमाज झाली होती, जेवणे उरकली होती आणि परळच्या आमच्या चाळीत पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. तेवढ्यात फोन वाजला. व्हॉट्सअॅपवर खालाजानचा निरोप होता : "बेटा, दवाखान्यात आहे. डिपॉझिट भरायचे आहे. पस्तीस हजार या नंबरवर पाठव. इथे बोलू देत नाहीत, फोन करू नकोस."

खालाजान चिपळूणजवळच्या गावी एकट्याच राहतात. नंबर त्यांचाच होता. फोटोही त्यांचाच, डोक्यावर ओढणी आणि मागे अंगणातले आंब्याचे झाड. वरच्या बाजूला चार दिवसांपूर्वीचा 'लोणचे घातले आहे, एसटीने पाठवते' हा निरोपही जागच्या जागी होता. आम्ही नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिले. आम्ही दोघेही शिक्षक. छोटीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी बाजूला काढलेले पैसे खात्यात पडून होते. आजारी माणसाला उलट प्रश्न कसले विचारायचे? पाच मिनिटांत पैसे गेले.

मगरिबनंतर राहवेना, म्हणून साधा फोन लावला. खालाजाननीच उचलला. त्या शेजारणीबरोबर फणस सोलत बसल्या होत्या. दवाखाना कसला आणि डिपॉझिट कसले!

मग एकेक धागा उलगडला. सकाळी त्यांना कोणाचा तरी फोन आला होता. "उमराहच्या ग्रुपमध्ये तुमचे नाव घालतो, आता जो सहा आकडी नंबर येईल तो सांगा." त्यांनी सांगितला. त्या सहा आकड्यांसरशी त्यांचे व्हॉट्सअॅप त्या माणसाच्या फोनवर गेले. आम्ही लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली. पण दुपारचे पैसे संध्याकाळपर्यंत कुठच्या कुठे गेले होते. ते आजवर परत आलेले नाहीत.

पैशाचे दुःख होतेच. पण त्याहून वाईट वाटले ते खालाजानचे. "माझ्या नावाने कोणीतरी तुमच्यापुढे हात पसरला," असे म्हणून त्या रडल्या आणि नंतर त्यांनी फोन करणेच कमी केले. खरे सांगायचे तर आम्हीही बदललो होतो. त्यांचा साधा 'सलाम' आला तरी आम्ही तो दोनदा वाचायचो. चाळीस वर्षांच्या नात्यात एक बारीक खडा जाऊन बसला होता.

त्या रात्री थोरल्याने आमचा फोन मागून घेतला. तो संगणकाचा डिप्लोमा करून एका छोट्या कंपनीत लागला आहे आणि रात्रपाळीचे काम घरूनच करतो. त्याने बोटाने निरोप वर सरकवले. लोणच्याचा निरोप आणि दवाखान्याचा निरोप यांच्यामध्ये बारीक अक्षरांत एक ओळ होती : या व्यक्तीबरोबरचा तुमचा सिक्युरिटी कोड बदलला आहे.

"ही ओळ वाचली नाही?"

"वाचली असेल. असले काहीबाही रोजच येते."

आता हा रागावणार, असे वाटले. तो म्हणाला, "अब्बा, अम्मी, ऑफिसात आमचेही हेच होते. वर या, दाखवतो."

वर म्हणजे पोटमाळ्यावर. तिथे त्याचा लॅपटॉप असतो आणि बसल्यावर डोके छताला टेकते. त्याचे काम म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेल्या संगणकांना इथून हुकूम देणे. त्यासाठी एसएसएच नावाची सोय आहे. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात कोणीतरी लोकांचे पासवर्ड वाटेतच टिपून घेतले, म्हणून तिथल्या टाटू युलोनेन या संशोधकाने ती तयार केली. तोपर्यंत दूरच्या संगणकाला पाठवलेला पासवर्ड पोस्टकार्डासारखा उघडाच जात असे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. थोरल्याचे दादाजान तेव्हा फोर्टात कारकून होते. विदेश संचार भवनावरून रोज जायचे, पण आत काय चालते याची त्यांना कल्पना नव्हती.

निरोप बंद पाकिटातून जाऊ लागला, तरी एक प्रश्न उरतोच. पाकीट उघडणारा कोण? पत्ता बरोबर असला म्हणजे माणूस बरोबर असतो, असे नाही. म्हणून प्रत्येक दूरच्या संगणकाकडे स्वतःची एक किल्ली असते आणि त्या किल्लीचा एक ठसा असतो. त्याला फिंगरप्रिंटच म्हणतात. या शब्दाशी आपल्याकडचाही संबंध आहे. बोटांच्या ठशांची वर्गवारी करण्याची जी पद्धत पुढे जगभर गेली, ती १८९७ च्या सुमारास कलकत्त्याला आकाराला आली. हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव तिला मिळाले. पण ठशांचे कागद १०२४ खणांत लावण्याचे गणित बसवले होते काझी अजीजुल हक यांनी, आणि त्यांच्या जोडीला होते हेमचंद्र बोस. त्यांचीही नावे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवीत.

संगणकाच्या किल्लीचा ठसा मात्र बोटासारखा दिसत नाही. तो म्हणजे ४३ अक्षरे आणि आकड्यांचे एक बेफाम शेपूट. थोरल्याने ते पडद्यावर आणले. आम्ही वाचायला सुरुवात केली आणि आठव्या अक्षराला थकलो.

"बघा," तो म्हणाला, "तुम्हीच काय, कोणीच वाचत नाही. पहिली दोन अक्षरे, शेवटची दोन अक्षरे बघायची आणि 'येस' लिहून पुढे जायचे. म्हणून कोणीतरी हे काढले." त्याने काहीतरी टाइप केले आणि त्या शेपटाखाली एक चौकट उमटली. चौकटीत टिंबे, अधिकची चिन्हे, चांदण्या. एका कोपऱ्यात दाटी, दुसरीकडे मोकळे मैदान. रांगोळी कोणी अर्धवट पुसावी तसे काहीतरी.

अक्षरे लक्षात राहत नाहीत, पण चित्र डोळ्यांत राहते, हा त्यामागचा विचार. आद्रियान पेरिग आणि डॉन साँग यांनी १९९९ साली तो मांडला होता. ओपनएसएसएच या मोफत सॉफ्टवेअरमध्ये असे चित्र २००८ साली आले. ते आपोआप दिसत नाही, मागावे लागते. चित्र कसे तयार होते, ते बुद्धिबळाच्या भाषेत सांगतात. इंग्रजीत त्या सोंगटीला बिशप म्हणतात आणि त्या रीतीला झिंगलेल्या बिशपचे नाव आहे. आपल्या पटावर तिरकी चाल उंटाची. आणि आमच्या घरात झिंगण्याचा विषय नको, म्हणून छोटीने त्याला 'वाट चुकलेला उंट' केले.

बी.एड.ला असताना 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र आम्ही पाठ केले होते. दुसऱ्या दिवशी चौकटीची वही काढली. १७ घरे रुंद आणि ९ घरे उंच असे मैदान आखले, म्हणजे एकूण १५३ घरे. मधल्या घरात उंट उभा केला. संगणकात ठशातले शून्य आणि एक हे आकडे दोन-दोन करून उंटाला वाट सांगतात. आम्ही दोन नाणी घेतली. पहिल्या नाण्याचा छापा-काटा वर की खाली ते ठरवणार, दुसऱ्याचा डावीकडे की उजवीकडे. उंट नेहमी तिरका एक घर जाणार. कडेला भिंत लागली तर भिंतीला घासत सरकणार. ज्या घरात पहिल्यांदा पाय पडेल तिथे टिंब, दुसऱ्यांदा पडला तर छोटे वर्तुळ, तिसऱ्यांदा अधिक, चौथ्यांदा बरोबरचे चिन्ह, पाचव्यांदा चांदणी. जिथून निघाला आणि जिथे थांबला त्या दोन घरांना वेगळ्या खुणा. पूर्वीच्या ठशात उंट ६४ पावले चालायचा, आताच्या ठशात १२८ चालतो. आम्ही ६४ वर भागवले.

शेजारची मुले जमली. एका दुपारी सहा उंट निघाले आणि एकाचेही चित्र दुसऱ्यासारखे नव्हते. तीन दिवसांनी ते सगळे कागद उलटसुलट करून ठेवले, तर प्रत्येकाने आपला उंट बरोबर उचलला. "हा माझा, याच्या पोटात चांदणी आहे." "माझा डाव्या भिंतीला चिकटलाय." आकडे विचारले असते तर एकालाही दोन पावलेही सांगता आली नसती.

पण छोटी खोडकर. तिने शेजारच्या मुलाच्या चित्राची नक्कल केली आणि त्यात तीन घरे बदलून ती त्याच्यापुढे ठेवली. त्याने क्षणभर पाहिले आणि "माझाच" म्हणून घेतली. सगळे हसले. आम्ही हसलो नाही. खालाजानच्या फोटोकडे आम्हीही असेच क्षणभर पाहिले होते.

थोरल्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, त्या सॉफ्टवेअरच्या माहितीतही हेच लिहिले आहे. चित्र अगदी निराळे दिसले तर किल्ली बदलली हे पक्के समजा. चित्र सारखे दिसले तर मात्र किल्ली तीच असण्याचा संभव मोठा, एवढेच. तो पुरावा नव्हे. वेगळेपण डोळ्याला चटकन कळते. सारखेपणावर त्याने एवढ्या सहज शिक्का मारू नये.

ऑगस्टमध्ये एका रात्री पोटमाळ्यावरून बोलण्याचा आवाज येऊ लागला. पाऊस कोसळत होता, दीड वाजला होता. थोरला रोज ज्या संगणकात शिरायचा, त्याने त्या रात्री वेगळाच ठसा दाखवला होता. मोठ्या अक्षरांत इशारा आला : समोरच्याची ओळख बदलली आहे, कोणीतरी लबाडी करत असण्याची शक्यता आहे. फोनवर त्याचे वरिष्ठ होते. "अरे, जुनी नोंद काढून टाक, 'येस' कर आणि पुढे हो. काम अडलंय." थोरला म्हणत होता, "सर, तो संगणक ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडून ठसा फोनवर वाचून घेतो. तोवर मी पासवर्ड देणार नाही." आवाज चढले. आम्ही खाली अंथरुणात बसून ऐकत होतो. नवी नोकरी, पावसाळ्याचे दिवस, छोटीच्या फीचा पहिला हप्ता उसनवारीने भरलेला. एकदा वाटले, वर जाऊन सांगावे, बाबा, साहेब म्हणतात तसे कर. पण गेलो नाही.

सकाळी सात वाजता पलीकडच्या माणसाने फोन उचलला आणि ठसा वाचून दाखवला. तोच होता. रात्री त्यांनी तो संगणक नव्याने बसवला होता, म्हणून किल्ली बदलली होती. चोर नव्हता, लबाडी नव्हती, काहीच नव्हते. थोरल्याला पाच तास फुकट घालवल्याबद्दल बोलणी खावी लागली.

वाचक म्हणतील, मग एवढे कशाला सांगता? यासाठी की बहुतेक वेळा असेच होते. दहादा इशारा येतो आणि दहादा काही निघत नाही. अकराव्या वेळी माणूस वाचायचे सोडून देतो. आमच्या फोनवरही त्याआधी तसल्या ओळी आल्या होत्या, कोणी फोन बदलला म्हणून, कोणी अॅप पुन्हा घातले म्हणून. त्या सगळ्या निरुपद्रवी होत्या. जिने घात केला, तीही त्यांच्यासारखीच दिसत होती.

मोठ्यांनाही किल्ली बदलावी लागते. २०२३ च्या मार्चमध्ये गिटहब या जगभरच्या प्रोग्रामरांच्या ठिकाणाची एक गुप्त किल्ली चुकून उघड्यावर पडली. त्यांनी ती तातडीने बदलली, आणि असंख्य लोकांच्या पडद्यावर तोच भीतिदायक इशारा आला. तेव्हा बरोबर वागणे कोणते होते? घाबरून काम सोडणे नव्हे, डोळे मिटून 'येस' करणेही नव्हे. गिटहबने नवा ठसा आपल्या संकेतस्थळावर जाहीर केला होता. तो दुसऱ्या वाटेने पाहायचा आणि ताडून घ्यायचा.

ही दुसरी वाट मुंबईला नवी नाही. दादाजानचा डबा डबेवाल्याकडून फोर्टला जायचा. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या त्या धंद्यात डब्याच्या झाकणावर रंगाने खुणा काढतात आणि त्या पाहून डबा हातोहात पुढे जातो. पण ती खूण म्हणजे पत्ता. दारात डबा मागायला आलेला माणूस आपलाच डबेवाला आहे, हे झाकणावर लिहिलेले नसते. आमचा जुना डबेवाला गावी जायचा, तेव्हा आदल्या दिवशी नव्या मुलाला बरोबर घेऊन यायचा. "भाभी, उद्यापासून हा येईल. चेहरा बघून ठेवा." दादी त्या मुलाला नीट निरखायची, पाणी द्यायची आणि मगच उद्याचा डबा त्याच्या हाती जायचा. एकदा एक अनोळखी मुलगा एकटाच आला. "त्यांनीच पाठवलंय," म्हणाला. दादीने डबा दिला नाही. दादाजान त्या दिवशी उसळपाव खाऊन राहिले आणि संध्याकाळी कळले की मुलगा खराच होता. दादी म्हणाली, "असू दे. उद्या त्याला बरोबर घेऊन ये म्हणावं."

थोरल्याला ही गोष्ट सांगितली तर तो खूश झाला. एसएसएचमध्येही जुन्या किल्लीने ओळख पटल्यावर त्याच संगणकाकडून नवी किल्ली आधीच नोंदवून घेण्याची सोय आहे म्हणे. दादीची रीत.

आणि चित्रापेक्षा मोठी अडचण तीच, पहिल्या दिवसाची. पहिल्या भेटीला आठवण नसते. तेव्हा जो ठसा दिसेल तोच संगणक 'ओळखीचे' म्हणून वहीत नोंदवतो. पहिलाच माणूस तोतया असला, तर पुढे रोज त्याचेच चित्र बरोबर वाटत राहणार. म्हणून पहिल्या भेटीला कोणीतरी मध्ये हवा, किंवा ठसा वेगळ्या वाटेने हाती आलेला हवा.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मराठीत 'ओळख' हा एकच शब्द दोन कामे करतो. "त्यांची आमची ओळख आहे" म्हणजे जान-पहचान, आणि "ओळख पटवा" म्हणजे शिनाख्त. उर्दूत हे दोन शब्द वेगळे आहेत. त्या दुपारी आम्ही जान-पहचानीवर पैसे दिले, शिनाख्त केलीच नाही. आणि शिनाख्त मागणे म्हणजे जान-पहचानीचा अपमान, असे आम्हाला वाटत होते.

तसे ते नाही. सीरतच्या पुस्तकात आपण मुलांना शिकवतोच. हुजूर (सल्ल.) यांनी बादशहांना पत्रे पाठवायचे ठरवले, तेव्हा मुहर नसलेले पत्र ते लोक वाचत नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले. मग चांदीची अंगठी करवून घेतली गेली. तीवर तीन ओळींत 'मुहम्मद रसूल अल्लाह' असे कोरले होते, आणि दुसऱ्या कोणी आपल्या अंगठीवर तसा मजकूर कोरू नये, अशी ताकीद होती. मुहर मागणाऱ्यांचा कोणी राग धरला नाही.

या ईदला आम्ही परळ डेपोतून रात्रीच्या एसटीने खालाजानकडे गेलो. शीरखुर्मा झाला, गळाभेटी झाल्या. मग थोरल्याने सगळ्यांचे फोन मागितले. व्हॉट्सअॅपमध्ये ज्याच्या-त्याच्या नावावर गेले की 'एन्क्रिप्शन' असे लिहिलेले असते. त्यावर दाबले की ६० आकडे दिसतात आणि वर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एक चौकट. तीही एक चित्रच, पण तिथे आपल्या डोळ्यांवर विसंबायचे नाही. एका फोनने दुसऱ्या फोनचे चित्र टिपायचे, ताडणी फोनच करतो. जुळले तर हिरवी खूण येते. समोर माणूस बसलेला असताना हे केले की पहिल्या दिवसाचा प्रश्न सुटतो. नंतर कधी कोड बदलल्याची ओळ आली, तर साधा फोन लावायचा, आवाज ऐकायचा आणि मगच बोलायचे. पैशाची गोष्ट असली तर कितीही घाई असो, फोन लावायचाच. आम्ही घरात हे ठरवून टाकले आहे आणि कोणी तसा फोन केला तर रागवायचे नाही, हेही ठरवले आहे.

खालाजान आधी फोन द्यायलाच तयार नव्हत्या. "त्या दिवसापासून मी त्याला हात लावायला घाबरते," म्हणाल्या. छोटीने त्यांना वाट चुकलेल्या उंटाची गोष्ट सांगितली, वहीतले चित्रही दाखवले. त्या हसल्या. मग ओढणीच्या टोकाने फोनची काच पुसून त्यांनी तो आमच्या फोनसमोर धरला. हात थोडा थरथरत होता, म्हणून दोनदा करावे लागले. हिरवी खूण आली.

"झाली ओळख?" त्यांनी विचारले.

"झाली, खालाजान."

"मग लोणचे पाठवू का यंदा?"

मे महिन्यात निरोप आला, 'बरणी एसटीने टाकली आहे.' आम्ही वर-खाली पाहिले, कोड बदलल्याची ओळ कुठे नव्हती. तरीही साधा फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला आणि सलामाच्याही आधी म्हणाल्या, "मीच आहे, मीच आहे."